गिटारच्या विवर्धकाची अक्षरओळख

कावेरीच्या खोऱ्यात कुंभकोणमजवळ, स्वामिमलैच्या परिसरात, इन्नंबूर नावाचे खेडे आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरातील देवतेला तमिळमध्ये एळुत्तरिनादर, म्हणजे ‘अक्षरे जाणणारा नाथ’, आणि संस्कृतात अक्षरपुरीश्वर म्हणतात. अगस्त्य ऋषींना तमिळचे व्याकरण शिवाने येथेच शिकविले, अशी आख्यायिका आहे. लहान मुलांना अक्षरारंभासाठी या मंदिरात आणण्याची प्रथा त्यावरूनच पडली. दुसरी आख्यायिका हिशेबाची आहे. मंदिराचा जमाखर्च लिहिणाऱ्या एका सेवकावर राजाने संशय घेतला, तेव्हा स्वतः देवाने त्या सेवकाचे रूप घेऊन राजाला पै-पैचा हिशेब समजावून दिला, असे सांगतात.

अक्षर आणि हिशेब या दोन्ही विद्यांची या प्रकरणात आपल्याला गरज पडणार आहे. विजेच्या गिटारला जोडावयाचा अंकीय विवर्धक हा आपला विषय आहे. ही पेटी आकाराने एखाद्या जाड ग्रंथाएवढी, कधी त्याहूनही लहान असते. गिटारच्या तारेपासून निघालेला विद्युत्-संदेश ती आकड्यांत रूपांतरित करते, त्या आकड्यांवर गणित करते आणि जुन्या काळातील एखाद्या निर्वात नलिकांच्या विवर्धकातून तो नाद आला असता तर कसा ऐकू आला असता, याची हुबेहूब नक्कल तयार करते. तिच्या दर्शनी भागावर बहुधा पाच बटणे असतात: गेन, बास, मिडल, ट्रेबल आणि अखेरीस लेव्हल अथवा व्हॉल्यूम. ही पाच बटणे म्हणजे या यंत्राची मुळाक्षरे होत. नवशिक्या वादकाच्या बहुतेक अडचणी पहिलेच अक्षर चुकीचे वाचल्यामुळे उद्भवतात.

गेन म्हणजे आवाज लहानमोठा करण्याचे बटण, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. वादकाच्या हलक्या आघातात आणि जड आघातात जो फरक असतो, त्यापैकी किती फरक श्रोत्यापर्यंत पोहोचू द्यावयाचा, हे गेन ठरविते. उरलेली बटणे गेनने जे निर्माण केले त्याची वाटणी तेवढी करतात. हे एकदा ध्यानात आले, की पुढील सारे विवेचन सोपे होते.

परके वाद्य, आपला गमक

इन्नंबूरसारख्या गावातील एक विद्यार्थी आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. त्याने कर्नाटक संगीत गिटारवर वाजवावयाचे ठरविले आहे. हा मार्ग अगदीच नवा नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत (१६७६–१८५५) या प्रदेशात युरोपीय वाद्यांना आश्रय मिळाला. दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांच्या दरबारी पाश्चात्य वाद्यवृंद होता. त्याच सुमारास बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांच्यासारख्या संगीतकारांनी व्हायोलिन आत्मसात केले आणि आज त्या वाद्यावाचून दक्षिणेतील मैफलीची कल्पनाही करता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंध्र प्रदेशातील उप्पलपू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी बालवयातच विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून रसिकांना चकित केले. विजेच्या गिटारवर हेच कार्य प्रसन्ना यांनी केले.

या उदाहरणांतून आपल्या विषयाचा गाभा हाती लागतो. मूळ मँडोलिनमध्ये तारांच्या जोड्या असतात आणि छेडलेला स्वर क्षणात विझतो. कर्नाटक संगीताचा प्राण तर गमकात आहे. स्वर छेडल्यावर तो आंदोलित व्हावा, शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत यावा, अशी अपेक्षा असते. एका आघातानंतर उरलेल्या नादातच हे सारे घडवावे लागते. नाद लवकर विझला तर गमक वादकाच्या बोटांत असतो, परंतु श्रोत्याच्या कानात नसतो. श्रीनिवास यांनी जोड्यांच्या जागी एकेरी पाच तारा घेतल्या आणि वाद्याला विजेची जोड दिली. वीज येथे आवाज मोठा करण्यासाठी आली, हे खरे. परंतु तिचे अधिक मोलाचे काम उरलेला नाद ऐकू येईल असा ठेवणे, हे होते.

आपल्या विद्यार्थ्यालाही हेच हवे आहे. प्रश्न एवढाच, की त्यासाठी गेनचे बटण किती फिरवावे?

गेनचा हिशेब

एक साधा हिशेब मांडून पाहू. विद्यार्थ्याने तार हलकेच छेडली तेव्हा निघालेल्या संदेशाचे मोजमाप १ मानू आणि जोराने छेडली तेव्हाचे ४ मानू. विवर्धकाच्या नलिकेची कमाल मर्यादा ८ आहे, असे समजू. त्याहून मोठा संदेश तिच्यातून जाऊच शकत नाही. गेन २ ठेवला, तर हलका आघात २ होतो आणि जड आघात ८. दोहोंतील चौपट फरक जसाच्या तसा राहतो. आता गेन ८ केला. हलका आघात ८ झाला. जड आघात ३२ व्हावयास हवा. पण मर्यादा ८ची असल्यामुळे तोही ८वरच अडतो. दोन्ही आघात सारखेच ऐकू येऊ लागतात. वादकाने हात हळुवार केला काय आणि कठोर केला काय, यंत्राला त्याचे काहीच वाटत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. जोराने छेडलेला स्वर विझत विझत ४वरून १पर्यंत येतो, तेव्हा गेन ८ असलेल्या यंत्रातून त्याची पातळी सतत ८च राहते. म्हणजे विझणारा स्वर श्रोत्याला स्थिर वाटतो. गमकाला हवा असलेला दीर्घ नाद तो हाच. याचाच अर्थ असा, की एकच बटण नाद दीर्घ करते आणि तेच हाताचे वजन पुसून टाकते. या दोहोंपैकी एक मिळवावयाचे तर दुसऱ्यातले काही द्यावेच लागते. गेन लावणे म्हणजे या देवघेवीचा सौदा ठरविणे होय.

मर्यादेवर आदळलेल्या लहरीची शिखरे सपाट होतात. खऱ्या नलिकेत हे एकदम होत नाही. लहर हळूहळू वाकत जाते आणि म्हणूनच तो नाद कानाला सुसह्य वाटतो. आकार बदलला की लहरीत नवे उपस्वर उत्पन्न होतात. मूळ स्वर सेकंदाला ११० कंपनांचा असेल, तर २२०, ३३०, ४४०, ५५० अशा पटींतील कंपनांचे बळ वाढते. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ज्या पाचव्या उपस्वरातून जन्मतो, तो येथे ५५०च्या ठिकाणी आहे. थोडा गेन दिला असता गिटारचा नाद भरदार वाटतो, याचे कारण हे होय.

मात्र दोन स्वर एकत्र वाजले, की प्रकरण गुंतागुंतीचे होते. वाकलेल्या लहरीत त्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. षड्ज ११० आणि पंचम १६५ असेल, तर वजाबाकी ५५ येते. हा खालच्या सप्तकातील षड्जच झाला. त्यामुळे नाद अधिक गंभीर वाटतो. परंतु गिटारच्या पडद्यांवरील २२०चा षड्ज आणि सुमारे २७७.२चा गंधार एकत्र छेडले, तर वजाबाकी ५७.२ येते. ती ५५शी जुळत नाही आणि नादात घरघर उत्पन्न होते. रॉक संगीतातील गिटारवादक भरपूर गेनवर केवळ षड्ज-पंचमाच्या जोड्या वाजविताना आढळतात, ते यामुळेच. षड्ज-पंचमाच्या तारा मोकळ्या ठेवून त्यांवर राग वाजवू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने तर गेन फारच जपून वापरावयास हवा. कारण रागातील प्रत्येक स्वर त्या तारांशी नवी बेरीज-वजाबाकी करणार असतो.

याखेरीज गेन कुजबुजही वाढवितो. विजेच्या तारांची गुणगुण, बोट तारेवरून घसरल्याचा आवाज, पंख्याच्या मोटारीचा परिणाम, हे सर्व हलक्यातल्या हलक्या आघाताबरोबर वर येते. स्वरांमधील शांतता ही संगीताचाच भाग आहे. तीही गेनच्या हिशेबात खर्ची पडते.

मंद्र, मध्य आणि तार

आता उरलेली तीन बटणे पाहू. बास, मिडल आणि ट्रेबल यांना आपण मंद्र, मध्य आणि तार म्हणू शकतो. पण ती गायकाची तीन सप्तके नव्हेत, हे विसरू नये. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ कंपनांचा आणि सर्वांत बारीक तारेचा सुमारे ३३० कंपनांचा असतो. बारीक तारेच्या बाराव्या पडद्यावर तो ६६०च्या आसपास पोहोचतो. ट्रेबलचे बटण यांपैकी मूळ स्वरांना फारसा हात लावत नाही. ते मुख्यतः वरच्या उपस्वरांवर काम करते. स्वरांचे शरीर मिडलच्या टापूत असते.

स्वर-नियंत्रणाची ही कल्पना दक्षिणेतील तालवाद्यांकडे पाहून सहज उमगते. मृदंगाच्या उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डाव्या पुडीवर मात्र मैफलीपूर्वी भिजविलेल्या रव्याचा गोळा थापतात आणि वादन संपल्यावर तो खरवडून काढतात. आपल्याकडील पखवाजाला कणीक लावतात, तोच हा प्रकार. गोळा मोठा केला की पुडी जड होते आणि नाद खाली उतरतो. शाईचा प्रभाव कसा पडतो, याचा शास्त्रीय अभ्यास तिरुचिरापल्लीजवळ जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. शाईच्या भारामुळे ते पटीत येतात आणि म्हणून मृदंग व तबला सुरात बोलतात, हे त्यांनी १९२० साली सहकाऱ्यासह दाखवून दिले. नाद बदलण्यासाठी तेथे पदार्थ चढवावा लागतो; विवर्धकात तेच काम विद्युत्-मंडल करते.

जुन्या विवर्धकांतील हे मंडल एका बाबतीत फसवे आहे. ते कोणत्याही टापूला खरे बळ देत नाही, केवळ इतर टापूंना कमी-अधिक अडवून धरते. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५० नंतरच्या दशकातील ‘बासमन’ विवर्धकात मंडलाची जी रचना होती, तिच्याच आधारे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल विवर्धक तयार झाला. या घराण्यातील विवर्धकांची तिन्ही बटणे मध्यावर, म्हणजे ५ या आकड्यावर ठेवली तरी नाद समतोल नसतो. सुमारे ३०० ते ८०० कंपनांच्या दरम्यान कोठेतरी त्यात खळगा पडलेला असतो. शिवाय बटणे परस्परांवर अवलंबून असतात. ट्रेबल वाढविले की मिडलचा परिणाम बदलतो. अंकीय विवर्धक जुन्या यंत्राची प्रामाणिक नक्कल करीत असेल, तर हा खळगा आणि हे परस्परावलंबन त्याने सहीसही उचललेले असते. म्हणून आकड्यांवर विसंबण्यापेक्षा कानावर विसंबणे श्रेयस्कर.

मंडलाची जागाही महत्त्वाची आहे. काही विवर्धकांत नाद वाकविणाऱ्या मुख्य टप्प्यांच्या अगोदर ही बटणे असतात, तर मार्शलच्या रचनेत ती त्यानंतर येतात. अगोदर असतील तर बास कमी केल्याने जाड तारांचा चिखल होत नाही, कारण मंद्र कंपनेच मर्यादेवर सर्वांत आधी आदळतात. नंतर असतील तर बास कमी केल्याने झालेला चिखल स्वच्छ होत नाही. तो फक्त पातळ होतो. अशा वेळी उपाय एकच, तो म्हणजे गेन कमी करणे.

आकड्यांचे जग

आतापर्यंत सांगितलेले सारे नलिकांच्या यंत्रालाही लागू आहे. अंकीय यंत्राची स्वतःची अशी काही वैशिष्ट्ये आहेत. रोलंड या जपानी कंपनीचे व्हीजी-८ हे यंत्र १९९५ साली आणि लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीचा ‘पॉड’ १९९८ साली बाजारात आला. पुढे जर्मनीतील केंपर यांच्या यंत्राने २०११ साली प्रत्यक्ष विवर्धकाची जणू तसबीर काढून ठेवण्याची सोय केली. आज यंत्र-शिक्षणाच्या पद्धतीने, खऱ्या विवर्धकातून आलेला नाद ऐकवून, संगणकालाच त्याची नक्कल शिकविली जाते.

या सर्व यंत्रांत संदेश दर सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो. मोजणाऱ्या भागालाही कमाल मर्यादा असते. येथे दोन गेन आहेत, हे वाचकाने नीट ध्यानात घ्यावे. पहिला, गिटारचा संदेश मोजणीच्या दारातून आत घेण्याचा. दुसरा, आत बसलेल्या काल्पनिक नलिकेचा. दुसऱ्याची मर्यादा हळूहळू येते आणि कानाला गोड लागते. पहिल्याची मर्यादा भिंतीसारखी असते. मोजणीत न मावलेले शिखर कापले जाते आणि जो कर्कश तडतडाट होतो, तो पुढील कोणत्याही बटणाने दूर करता येत नाही. जमाखर्चाच्या वहीत पहिलीच नोंद चुकली, तर पुढील बेरजा कितीही काळजीपूर्वक केल्या तरी काय उपयोग? यंत्रावरील तांबडा दिवा चमकत असेल, तर प्रथम दाराशीच संदेश कमी करावा.

दुसरे वैशिष्ट्य ध्वनिक्षेपकाचे. गिटारच्या विवर्धकातील बारा इंची ध्वनिक्षेपक सुमारे ५,००० कंपनांच्या वरचा नाद फारसा बाहेर सोडतच नाही. नलिकेत उत्पन्न झालेल्या तीक्ष्ण उपस्वरांना तो आपोआप गाळतो. अंकीय यंत्र थेट सभामंडपाच्या ध्वनिवर्धकाला जोडले आणि त्यातील ध्वनिक्षेपकाची नक्कल चालू करावयाची राहिली, तर माशी गुणगुणावी तसा नाद येतो. ट्रेबल शून्यावर आणूनही त्याचा उपद्रव पूर्णपणे जात नाही. दोष बटणात नसून गाळणी नसण्यात आहे.

खोली आणि सभामंडप

आपला विद्यार्थी रात्री घरी, कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून कानाला श्रवणयंत्र लावून, सराव करतो. एकट्याने ऐकताना मिडल कमी आणि बास व ट्रेबल भरपूर असा नाद त्याला अतिशय मोहक वाटतो. तेच आकडे घेऊन तो उत्सवातील मंडपात जातो आणि पहिल्याच कृतीत त्याची गिटार हरवून बसते.

असे का व्हावे? पहिले कारण मनुष्याच्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखविले, की हलक्या आवाजात आपल्या कानाला मंद्र आणि अतितार नाद क्षीण ऐकू येतात. घरी ही उणीव भरून काढण्यासाठी वाढविलेले बास आणि ट्रेबल मंडपातील मोठ्या आवाजात घुमू आणि टोचू लागतात. दुसरे कारण सहवादकांत आहे. मंद्र टापू मृदंगाच्या डाव्या पुडीने व्यापलेला असतो. वरच्या टापूत व्हायोलिनचे उपस्वर आणि मृदंगाच्या उजव्या पुडीचे बोल असतात. गिटारची हक्काची जागा मध्यभागी, आणि नेमकी तीच विद्यार्थ्याने घरी रिकामी केलेली असते. तिसरे कारण गेन. घरी दीर्घ वाटलेला नाद येथे सपाट वाटतो, कारण आघातांतील चढउतार पुसले गेल्यामुळे स्वर कोठे सुरू झाला हेच मृदंगवादकाला कळत नाही. ज्याच्याशी लयीचा संवाद व्हावयाचा, त्याला समोरून सलग गुंजारव तेवढा ऐकू येतो.

येथे हानी केवळ नादमाधुर्याची नाही. कित्येक महिने घोटलेला गमक, गुरूने शिकविलेले जोराचे आणि हलके स्थान, सम गाठण्यापूर्वीचा किंचित आवरलेला हात, हे सारे वाजविले गेले; पण श्रोत्यापर्यंत पोहोचले नाही.

बटणे लावण्याचा क्रम

म्हणून शक्य तेव्हा प्रत्यक्ष वादनाच्या आवाजातच बटणे लावावीत, आणि ती पुढील क्रमाने. प्रथम गिटारवरील आवाजाचे बटण पूर्ण उघडून, जास्तीत जास्त जोराने तारा छेडून, मोजणीच्या दाराशी तांबडा दिवा लागत नाही याची खात्री करावी. नंतर मंद्र, मध्य आणि तार ही तिन्ही बटणे मध्यावर आणि गेन अगदी खाली ठेवावा. आता एकच स्वर आळीपाळीने हलका आणि जड छेडीत गेन हळूहळू वाढवावा. हलका आघात स्वच्छ आहे आणि जड आघाताला किंचित धार आली आहे, अशी एक जागा सापडते. तेथे थांबावे. मग एक आघात करून त्यावर गमक घ्यावा. नाद आंदोलन पुरे होण्यापूर्वीच विझत असेल, तर गेन थोडा वाढवावा. दोन्ही आघात सारखे वाटू लागले, तर मागे यावे.

त्यानंतर मृदंगवादकाला डाव्या पुडीवर वाजविण्याची विनंती करावी आणि दोन्ही नाद वेगवेगळे ऐकू येईपर्यंत बास कमी करावा. मिडल वाढवीत जावे आणि नाकातून बोलल्यासारखा नाद येऊ लागला की थांबावे. ट्रेबलला सर्वांत शेवटी हात लावावा. तीन बटणे बदलल्यामुळे गेनचा परिणामही बदललेला असतो, म्हणून हलक्या-जड आघाताची परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी. एवढे झाल्यावर आवाज पुरेसा नसेल, तर लेव्हल वाढवावी. गेन मात्र वाढवू नये. वादन चालू असताना अधिक स्वच्छ नाद हवा झाला, तर गिटारवरील आवाजाचे बटण थोडे मागे घेतले की पुरते; यंत्रात जाणारा संदेश घटतो आणि आतल्या नलिकेवरील भारही आपोआप कमी होतो.

दुसऱ्या वादकाचे आकडे उतरवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून थोडी दिशा मिळते, परंतु नाद मिळत नाही. त्याची गिटार वेगळी, तारा वेगळ्या आणि मुख्य म्हणजे हात वेगळा. आपल्या हिशेबातील १ आणि ४ हे आकडे प्रत्येक हाताचे निराळे असतात, आणि गेनचा सारा अर्थ त्या दोन आकड्यांवर अवलंबून असतो.

अंकीय यंत्राला स्मरणशक्ती असते. काल लावलेली बटणे ते आज जशीच्या तशी पुढे ठेवते आणि ही सोय नाकारण्याचे कारण नाही. तरीही मृदंगवादकाकडे पाहावे. काल उत्तम बोललेला रव्याचा गोळा तो आजसाठी राखून ठेवीत नाही. मंडप नवा, हवेतील दमटपणा नवा, गायकाची पट्टीही कदाचित नवी; म्हणून तो पुन्हा थोडा रवा भिजवितो, पुडीवर थापतो, एक थाप देऊन ऐकतो, आणि बोटाने थोडासा काढून टाकतो.